राजाची अडीच घरं

माझ्या साडूभाऊंइतका हुशार आणि त्यांच्याइतका व्यवहारशून्य माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा सापडणार नाही. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात. यांनी पुरुषोत्तमनगरच्या घरात संगणकाला बुद्धिबळ शिकवायला घेतलं. तेही अख्खा डाव नाही, फक्त सुरुवातीच्या दहा-बारा चाली. "सुरुवात वळखी लिधी का माणूस वळखी लिधा," असं त्यांचं म्हणणं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ताटात पापड-कुरडयांचा पट मांडत. एकदा वाढणारी बाई आली, तर म्हणाले, "थांबा, आधी उंट निघू द्या."

यंत्र चाली मोजतं का, असं मी विचारलं. त्यांनी उलट मला घोड्यांच्या व्यापाऱ्यालाच विचारलं, "तुम्ही घोडा पाहता, तेव्हा आधी दात मोजता का?" मी म्हटलं, "छे! तो चालत आला की कळतंच." "मग, यालाही पट पाहून कळतं. हजार डाव दाखवले की ओळख पटते."

पण ते डाव आणले कुठून? आमच्या रविवारच्या डावांच्या वह्या त्यांनी जपल्या होत्या, त्या सगळ्या यंत्राला पाजल्या. मला न विचारता! सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रुमालाखाली बोटं दाबून गुपचूप भाव ठरवत मी शून्यातून उभा राहिलो. माझा पहिला आकडा मी बायकोलाही सांगत नाही. आणि माझ्या पहिल्या चाली या माणसानं फुकट वाटल्या! मी पट उधळून घरी आलो.

तरी नाशिकच्या एका कॉलेजात यंत्रांची स्पर्धा होती, तेव्हा सोबत गेलोच. आमच्या देशी डावात राजा एकदा घोड्यासारखा अडीच घरं उडतो, आणि मी त्याला लवकरच उडवतो. साडूभाऊंच्या यंत्रानं सहाव्या चालीला तेच केलं. स्पर्धेच्या नियमांत अशी चालच नव्हती; सभागृह खो खो हसलं. परीक्षक भला माणूस, म्हणाला, "काका, एवढी चाल काढा, पुढच्या फेरीत घेतो." तीन वर्षांची मेहनत पणाला होती. साडूभाऊंनी नकारार्थी मान हलवली आणि यंत्राची वायर गुंडाळायला घेतली.

एस.टी.त मी भडकलो. "काढी टाकानी व्हती ना! मन्हा चालवर हसनात लोके!"

चष्मा पुसत ते म्हणाले, "ती काढी टाकी तं मंग तुम्ही त्याम्हा कोठे ऱ्हातस?"

मी यंत्र त्यांच्या मांडीवरून उचलून माझ्या मांडीवर घेतलं.

आता त्यांना पट नीट दिसत नाही. रविवारी मीच जातो आणि यंत्राच्या चाली वाचून दाखवतो. राजा उडाला की ते लहान मुलासारखे हसतात.

माझ्या चाली वापरायची परवानगी मात्र त्यांनी अजून मागितलेली नाही. मीही दर रविवारी आठवण करून देतो.