बाबांचं अर्धं भाषण

गेलेल्या माणसाचं एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू यावं आणि पुढचं कधीच येऊ नये, असं तुमचं कधी झालंय?

माझे बाबा आयुष्यभर कर्मकांडाविरुद्ध पत्रकं वाटत फिरले. त्यांचं एकच भाषण जुन्या हार्डडिस्कवर उरलंय. ते ऐकण्यासाठी मी सुटे भाग आणून नवा कॉम्प्युटर जोडला. "मित्रांनो, नारळ हा चटणीसाठी असतो," एवढं बाबा म्हणत, आणि मशीन बंद पडून पुन्हा सुरू होई. रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला. तीन दिवस तेच वाक्य. शेवटी रीस्टार्टच्या बटणाची वायर काढली, तेव्हा मशीन चालूच राहिलं. बटण सारखं आत अडकत होतं, कारण त्याच्या फटीत ओलं कुंकू वाळलं होतं.

"आई, मशीनची पूजा केलीस? या घरात?"

"चिमूटभर कुंकू लावलं. ह्यांचा आवाज यायचा होता, नुसतंच कसं सुरू करायचं?"

"बाबांनी तासभर सुनावलं असतं तुला."

"मग सुनावू दे की," आई म्हणाली. "पाच वर्षं झाली, कुणी ओरडलं नाही माझ्यावर."

कर्मकांडाविरुद्धचे सगळे मुद्दे मला पाठ आहेत. तरी बटणावरचं कुंकू मी तसंच ठेवलं आणि भाषण पुन्हा लावलं. आम्ही चळवळीतली माणसं भाषणं जपून ठेवतो, पण जेवताना घातलेले वाद कुणीच जपत नाही.

तुमच्या घरात तुमची मतं न पटणारं कुणी असेल, तर आज त्याच्याशी मनसोक्त वाद घाला. आणि ताटावरून लवकर उठू नका.