आवाज बंद केलेला टीव्ही

माझ्या नातीला बोलायला उशीर झाला तो तिची आई नोकरीला जात होती म्हणून, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. ते खोटं आहे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि साडेपाच वर्षं मी गप्प बसलो.

सुरुवात माझ्या कानांपासून करावी लागेल. मी एकतीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली, आधी भोसरीला, मग चाकणला. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचं काम. प्रेस खाली आली की पायाखालची जमीन हलते आणि माणसाचा आवाज कुठल्या कुठे जातो. म्हणून आम्ही ओठांनी बोलायचो. गळ्यातून आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ सावकाश हलवायचे. समोरचा वीस फुटांवरून वाचायचा. डब्यात काय आहे, कोणाचं लग्न ठरलं, सगळं. नवा सुपरवायझर आला की त्याच्या दोन्ही बाजूंनी आम्ही त्याच्याचबद्दल बोलायचो, आणि तो बिचारा मधे उभा राहून आमच्याकडे बघून हसायचा. घरी आल्यावरही सवय सुटायची नाही. बायको म्हणायची, "अहो, मी काय मशीन आहे का? तोंडातून आवाज काढा की!"

निवृत्त झालो तेव्हा कानात एक बारीक शिट्टी उरली होती. ती अजून आहे. मालिकांमधलं ते ढणढण संगीत सुरू झालं की ती शिट्टी डोक्यात घुसायची. बायको गेल्यावर मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून बघायला लागलो. माझं काही अडत नव्हतं. मालिकेत चेहरे एवढे मोठे दाखवतात की ओठ वाचायला अगदी सोपे.

नात सात महिन्यांची झाली आणि सुनेची रजा संपली. तिचं ऑफिस हिंजवडीला, मुलगा चाकणला शिफ्टमध्ये. पाळणाघर बघायला निघाले तेव्हा मीच म्हणालो, "कशाला? मी आहे ना घरी."

सून म्हणाली, "बाबा, एकच सांगते. हिला टीव्ही नको दाखवायला."

"छे! टीव्ही कोण लावतंय."

दोन आठवडे मी शब्द पाळला. मग एका दुपारी ती काही केल्या रडायची थांबेना. मी टीव्ही लावला आणि तिचं रडं मधेच तुटलं. कोणीतरी बटण दाबावं तसं.

तिथून पुढे रोजच. पिंपळे सौदागरचा आमचा आठवा मजला, धुळीमुळे खिडक्या बंद, वर पंखा, आणि आम्ही दोघं टीव्हीच्या काचेसमोर. माझं तिच्याशी बोलणंही सवयीने ओठांचंच. बाहेरून कान लावला असता तर आत कोणी राहत नाही असं वाटलं असतं.

दीड वर्षाची असताना तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघून ओठ हलवले. पाणी. मी पाणी दिलं. मग भात. मग आजोबा. आता जे लिहितोय ते कोणाला पटणार नाही, पण खरं आहे. ती बोलताना आवाज येत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. एकतीस वर्षं माणसं माझ्याशी अशीच बोलत आली होती. मला ते बोलणंच वाटलं. उलट बरं वाटलं, आपल्या माणसांत परत आल्यासारखं.

लक्षात आलं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. दारावरची बेल वाजली की ती मान वळवायची. मग पुन्हा समोर बघून पुन्हा वळवायची. आणि तिसऱ्यांदा. मालिकेत कोणी अनपेक्षित माणूस दारात आला की तेच दृश्य तीनदा दाखवतात ना, तसं. दारात दूधवाला असायचा. तो म्हणाला, "आजोबा, पोरगी अशी काय बघती ओ? दृष्ट काढा हिची."

पडली, लागलं, तर ओरडायची. पण नुसतं वाईट वाटलं तर रडायची तेव्हा तोंड उघडं, गालावरून पाणी, आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज. एका कोपऱ्यातून हसायलाही शिकली होती. ते हसू मी ओळखलं. रोज दुपारी तीन वाजताच्या मालिकेतली सासू तसं हसायची.

सहाच्या सुमाराला सुनेची कॅब फाटकाशी आलेली आमच्या बाल्कनीतून दिसायची. मी टीव्ही बंद करायचो आणि मागे हात लावून बघायचो, गरम तर राहिला नाही ना. पुढे पुढे मला सांगावंही लागायचं नाही. ती जाळीतून खाली बघायची, आत यायची आणि रिमोट माझ्या हातात आणून द्यायची. दोन वर्षांची पोर.

एका संध्याकाळी सुनेने तिला उचलून घेतलं. नातीने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अगदी सावकाश, स्पष्ट ओठ हलवले: निघून जा या घरातून.

सून हसायला लागली. "बाबा, बघा ना, कशी पापे देतेय हवेत! काय गं? काय म्हणतेय ही, बाबा?"

"भूक लागलीय म्हणते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी टीव्ही लावला नाही. ती बराच वेळ त्या काळ्या काचेपुढे बसून राहिली. काचेत आम्ही दोघं दिसत होतो. मग तिने तिच्या प्रतिबिंबाशी बोलायला सुरुवात केली. ओठ हलत होते, भुवया वर जात होत्या, मधेच मान हलवून ती ऐकून घेत होती. समोरची काय सांगत होती कोण जाणे. मी सगळं वाचू शकलो असतो. मी तोंड फिरवलं. चार वाजता मला राहवेना, मी टीव्ही लावला.

अडीच वर्षं झाली तरी मूल बोलत नाही म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं. कान तपासले, ठीक निघाले. डॉक्टर बाईंनी विचारलं, "दिवसभर हिच्याजवळ कोण असतं? टीव्ही किती वेळ चालू असतो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"लावतच नाही," मी म्हणालो.

आणि माझ्या बाजूने कोण बोललं? सून. "खरंच नाही लावत. शेजारच्या काकूपण म्हणतात, तुमच्याकडून कधी टीव्हीचा आवाजच येत नाही."

"मोबाइल?"

सुनेने मान खाली घातली. रात्री भरवताना ती दहा मिनिटं गाणी लावायची. तेवढ्यावर सगळं तिच्या अंगावर आलं. डॉक्टरांनी काही ठपका ठेवला नव्हता, पण माझ्या मुलीने, म्हणजे तिच्या नणंदेने, घरी आल्यावर ऐकवलंच, "आई घरात नसली की असंच व्हायचं." मुलगा काही बोलला नाही. मीही नाही. पुढच्या महिन्यात सुनेने नोकरी सोडली.

ती घरी राहायला लागल्यावर दुपारचा टीव्ही आपोआप बंद झाला. ती पोरीशी दिवसभर बोलत राहायची, गाणी म्हणायची, भांडी वाजवायची. चार-पाच महिन्यांत नात आवाज काढून बोलायला लागली. सगळे म्हणाले, बघा, आई घरात हवी होती. माझ्या खोट्याला असा पुरावाही मिळाला.

नात आता आठ वर्षांची आहे. तोंडाला खळ नाही. फक्त शाळेतून एक तक्रार येते: मागच्या बाकावर कुजबुजलेलं ही पहिल्या बाकावरून वळून वाचते आणि बाईंना जाऊन सांगते. बाई त्याला आगाऊपणा म्हणतात.

गेल्या आठवड्यात सुनेला वाकडच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. तिने नको म्हणून सांगितलं. माझ्या मुलीने तिला फोनवर शाबासकी दिली, "बरं केलंस. एकदा बघितलंय ना आपण." फोन ठेवून सून बराच वेळ ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिच्या हातात काहीच काम नव्हतं.

मी तिला बसवलं आणि सांगितलं. टीव्ही, रिमोट, डॉक्टरांसमोरचं खोटं. सांगून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "मग तेव्हा ती मला काय म्हणायची, बाबा? तुम्हाला कळत होतं ना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही. कितीतरी वर्षांनी मी प्रेससमोर उभा असल्यासारखा होतो.

नात समोर अभ्यास करत बसली होती. तिने वर बघितलं आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, "निघून जा या घरातून." मग हसली, एका कोपऱ्यातून. "आजोबा, कोणाला?"

सुनेने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिचा चेहरा इतका स्थिर होता की मला त्यावरून काही वाचता येईना.

"रविवारी ताई येतायत," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर सांगा. तुमच्या मुलासमोरही. आवाज काढून सांगा, बाबा. त्या कंपनीला मी उद्या फोन करतेय."

आज शनिवार आहे. दुपारपासून मी हे लिहितोय. उद्या आवाज फुटला नाही तर हा कागद पुढे करीन, असा विचार आहे. पण नात तिथे बसलेली असेल. ती माझ्या तोंडाकडे बघत असेल, आणि तिला कागद लागत नाही.