बसमधला उंबरा

गाडी सोडण्याआधी तो पत्र्यावर दोन थापा मारायचा. पुढच्या दाराशेजारी, नेहमी एकाच जागी. तिथला हिरवा रंग उडून खालचा शाळेच्या बसचा पिवळा दिसायला लागला होता. थापा मारून स्वतःच "चलाऽ" म्हणायचा आणि स्वतःच चढून स्टिअरिंगवर बसायचा. "कंडक्टर बी मीच, डायवर बी मीच." एसटीत एका बेलला गाडी थांबते आणि दोन बेलला सुटते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याने एकच थाप मारलेली मी कधी ऐकली नाही.

औंधला माझं सुतारकामाचं दुकान आहे. तो कवठे महांकाळकडचा, सैन्यात ट्रक चालवून घरी आलेला. सगळे त्याला फौजीच म्हणायचे. एका शाळेने मोडीत काढलेली बस त्याने माझ्या दारात आणून उभी केली आणि म्हणाला, "मेस्त्री, ह्यात तीन माणसं ऱ्हाणार हायती. लागा कामाला." तीन माणसं म्हणजे तो, वहिनी आणि बारा वर्षांची मुलगी. मला वाटलं हौस आहे, पहिल्या पावसाळ्यात बस गळायला लागली की उतरेल. सहा वर्षं उतरली नाही.

मी दोन बाकांचे पलंग केले, सिलिंडरला कप्पा केला, भांड्यांच्या फळीला पट्टी ठोकली. वळणावर डबे खाली यायचे म्हणून ती पट्टी चार वेळा उंच केली. मागच्या बंपरला तेलाच्या डब्यात तुळस तारेनं बांधलेली असायची. ती बिचारी मेढ्याच्या घाटापासून जतच्या उन्हापर्यंत सगळं बघून आली. मुलीनं दहावी बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून दिली. पत्ता माझ्या दुकानाचा होता.

'मुक्काम' हा शब्द त्याला चालायचा नाही. कुणी विचारलं, "फौजी, किती दिवस मुक्काम?" की तो चिडायचा. "मुक्काम न्हाई, हाल्ट हाय!" तीन दिवस झाले की टायरांभोवती फेऱ्या मारायला लागायचा आणि चौथ्या दिवशी दोन थापा.

वहिनी कमी बोलायच्या. एकदा तो डिझेल आणायला गेला असताना माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दादा, ह्या गाडीला समदं केलंसा. उंबरा तेवढा न्हाई. हळदी-कुंकू कुठं लावायचं मी?" मी म्हटलं, बसवतो की, त्यात काय. त्यांनी मान हलवली. "त्यास्नी इचारा आधी."

मी विचारलं. तो बराच वेळ पान्यावरचं ग्रीस पुसत बसला. मग जे सांगितलं ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. थोरला मुलगा विहिरीत बुडून गेला होता. हा तेव्हा बर्फात, रस्ता बंद. पोचायला चौथा दिवस उजाडला.

"उंबऱ्यापातूर आलो, मेस्त्री. आत बघितलं तर पोरगं न्हाई. पिठावर ठिवलेला दिवा निस्ता. तितनंच माघारी फिरलो. त्या घरात मी अजून पाय ठिवला न्हाई."

नोकरी सोडून आल्यावर अंगणातच झोपायचा म्हणे. घर खायला उठतंय म्हणायचा. शेवटी घराला कुलूप लावून ही बस घेतली. आम्ही इतके दिवस हौस हौस म्हणून त्याची थट्टा करत होतो. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या खेपेला आला तेव्हा बसच्या टपावर पोत्यात गुंडाळलेलं एक लाकूड होतं. जुनं सागवान, मधोमध पायांनी झिजून खोलगट झालेलं. कडेला हळदीचे थर. मी हात लावला आणि मला कळलं. त्याने आपल्या घराचा उंबराच उखडून आणला होता.

"आत न्हाई गेलो," तो घाईघाईनं म्हणाला. "भाईरनंच काढला. बसवा हितं."

त्याला वाटत होतं, बायको खूष होईल. लहान मुलासारखा तिच्या तोंडाकडे बघत होता. वहिनी बसच्या पायरीवर बसल्या.

"आवं, मी उंबरा मागितला म्हंजी लाकूड मागितलं व्हय?"

मी मध्ये पडलो, मापं घेतली. उंबरा साडेतीन फुटी, बसचं दार सव्वादोन. कापावा लागणार होता. करवत घेतली तशा वहिनी उठल्या आणि त्या लाकडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कापू नगा दादा. माझं पोरगं ह्याच्यावर बसून जेवायचं. उंबऱ्यावर बसू नी म्हणून लय वरडायची मी त्याला."

मी करवत ठेवून दिली. उंबरा दोन पलंगांच्या मधल्या वाटेत आडवा टाकला, आणि ती तिघं तो रोज ओलांडत राहिली. पुढं मागं जाताना तोही ओलांडायचा. मला वाटायचं, आता कधीतरी घरातही पाय ठेवेल. वहिनीही त्याच आशेवर होत्या. एकदा हळूच म्हणाल्याही, "सवय हुईल त्यास्नी."

ते झालं नाही. परवाच्या हिवाळ्यात मेढ्याच्या पुढं त्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मुलीला म्हणाला, "वाइच हाल्ट." तेवढंच. माणूस ड्रायव्हर म्हणून शेवटपर्यंत चोख.

घराबाहेर मेलेल्या माणसाला घरात घेत नाहीत, म्हणून गावी त्याला घराच्या अंगणातच ठेवलं. आपल्या दारात येऊनही तो बाहेरच राहिला. मला हे अजून सहन होत नाही.

पंधरा दिवसांनी मुलीचा फोन आला. "काका, आई म्हणती हत्यारं घिऊन या." मी त्यांच्या गावी गेलो. बस घरासमोर चिंचेखाली उभी होती. उंबरा मी पुन्हा घराच्या चौकटीत बसवला. जुन्या खाचेत तो सहज बसला, एक पाचरही लागली नाही. वहिनींनी हळद-कुंकू लावलं. आत गेल्या नाहीत. अंगण ओलांडून बसपाशी गेल्या आणि दाराशेजारच्या त्या पिवळ्या डागावर हात ठेवला.

मग त्यांनी थाप मारली. एकच.