चार वाजताचं रेकॉर्डिंग

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन वाजते ठेवले, म्हणून सगळे त्यांना रिंगमास्तर म्हणत. वाघ-सिंह काही त्यांच्या वाट्याला आले नाहीत. आले ते वायरींचे गुंते आणि चिडलेले ग्राहक. "त्यापेक्षा वाघ परवडला," ते म्हणायचे, "तो निदान लेखी तक्रार देत नाही."

त्यांना एकच मुलगी होती. ती एका लहानशा वाहिनीवरच्या समूहगानाच्या कार्यक्रमात गायली होती. दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी. गाण्यातलं एक कडवं तिला एकटीला दिलं होतं. ते जेमतेम बेचाळीस सेकंदांचं. रिंगमास्तरांनी डिशच्या रेकॉर्डरवर कार्यक्रम टिपून घेतला आणि घरी येईल त्याला तो बसवून दाखवला. वर्षभरात ती वाहिनीच बंद पडली. त्यानंतर चार महिन्यांनी, सकाळी कामावर जाताना, मागे येणाऱ्या ट्रकने मुलीच्या स्कूटरला धडक दिली. ती तेवीस वर्षांची होती.

दोन वर्षांनी बायकोला विसर पडू लागला. आधी गॅस बंद करायचं राहू लागलं, मग शेजारणीचं नाव आठवेना, मग स्वतःच्या घराचा जिना. आणि एक दिवस मुलगी गेली हेच तिच्या मनातून पुसलं गेलं. आपल्याला मुलगी आहे एवढं मात्र पक्कं राहिलं.

रोज दुपारी चार वाजता ती टीव्हीसमोर येऊन बसायची. "अहो, लावा ना."

रिंगमास्तर लावायचे. कडवं संपलं की ती विचारायची, "कधी येणार ही?"

"येईल संध्याकाळपर्यंत."

मग ती दाराशी खुर्ची ओढून बसायची. जिन्यावर पाऊल वाजलं की उठायची. अंधार पडला तरी उठायला तयार नसायची, ताटातल्या घासाला हात लावायची नाही. जवळच राहणारी तिची धाकटी बहीण संध्याकाळी यायची आणि तिला लहान मुलासारखं समजावून आत न्यायची. आजारच तसा, असं रिंगमास्तर स्वतःला सांगत.

एके दिवशी टीव्हीच्या पडद्यावर निळी पट्टी आली. पुढच्या एक तारखेपासून रेकॉर्डरमध्ये नवी प्रणाली येणार होती आणि तिला जागा लागणार म्हणून तीन वर्षांहून जुनी सगळी रेकॉर्डिंग आपोआप पुसली जाणार होती. रिंगमास्तरांनी कंपनीला फोन लावला.

"सर, ते थांबवायचा पर्याय आमच्याकडे नाहीये," पलीकडचा मुलगा म्हणाला.

"मग कोणाकडे आहे?"

"ते वरूनच येतं सर."

"वरून म्हणजे?"

"उपग्रहावरून."

रिंगमास्तरांनी फोन ठेवला. वरून आलेलं त्यांनी एकदा सोसलं होतं.

त्यांनी डिशची वायर काढून पाहिली. पण रोज एकदा सिग्नल मिळाल्याशिवाय रेकॉर्डर जुनं काही दाखवायलाच तयार नव्हता. आतली हार्डडिस्क काढून कॉम्प्युटरला लावली, तर तिच्यावर नुसती अक्षरांची खिचडी. सगळं कुलूपबंद, आणि किल्ली त्याच रेकॉर्डरच्या पोटात. मेहुणीने मोबाइलवर पडद्याचं चित्रण करून दिलं. त्यात आडवे पट्टे थरथरत होते आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. बायकोने ते पाहिलं आणि म्हणाली, "ही कोण बाई?"

राहिला एकच मार्ग. रेकॉर्डरला चालवणारा आतला प्रोग्रामच बदलायचा. एक तारखेच्या आठवडाभर आधी त्यांनी रेकॉर्डरचा प्लग काढला, म्हणजे वरून काही उतरायला नको, आणि भंगारवाल्याकडून तसाच दुसरा रेकॉर्डर शोधून आणला.

"काका, हा चालेल की नाही, माहीत नाही हां," भंगारवाला म्हणाला.

"चालायला नकोच आहे. शिकताना मारायलाच नेतोय."

जेवणाच्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात काम सुरू झालं. इंटरनेटवर कुणा अनोळखी माणसाने याच मॉडेलबद्दल टिपणं लिहून ठेवली होती. ती त्यांनी वहीत उतरवून घेतली. नखाएवढी, आठ पायांची एक चिप. तिच्यात सगळा प्रोग्राम. चिमट्याने तिचे पाय धरून रिंगमास्तर तो प्रोग्राम कॉम्प्युटरवर उतरवत. पहिल्या तीन वेळी तीन वेगवेगळ्या प्रती निघाल्या, कारण एक पाय नीट टेकतच नव्हता. चिमटा कानशीने घासून घेतला, तेव्हा कुठे दोन प्रती जुळल्या.

मग शोध. हजारो ओळींमध्ये फक्त दोन जागा हव्या होत्या. एक, जिथे रेकॉर्डर सिग्नलची वाट पाहतो. दुसरी, जिथे तो वरून येणाऱ्या नव्या प्रणालीला दार उघडतो. अकरा दिवसांनी दोन्ही सापडल्या. त्यांनी तिथले आकडे बदलले आणि भंगारातल्या रेकॉर्डरमध्ये भरले. लाल दिवा लागला आणि तसाच राहिला. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उमगलं की सुरू होताना रेकॉर्डर प्रोग्राममधल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करून बघतो आणि ती चुकली की पुढे हलतच नाही. आकडे बदलले, पण शेवटी लिहिलेली बेरीज जुनीच राहिली होती. तीही बदलली. दिवा हिरवा झाला.

या काळात बायको शेजारी बसून असायची. पहिले दोन दिवस चार वाजता तिने "लावा ना" म्हटलं. तिसऱ्या दिवशी चुळबुळली. चौथ्या दिवसापासून काहीच नाही. रिंगमास्तर तिच्यापुढे एका झाकणात स्क्रू ओतत आणि ती ते लहान-मोठे वेगळे करत बसे. तेवढ्यात एखादा जिभेवर ठेवून बघे, तोही त्यांना काढून घ्यावा लागे. ती दोन वेळा जेवत होती. झोपही लागत होती. 'बरं झालं, मला काम करू देते,' एवढंच त्यांच्या मनात आलं.

खऱ्या रेकॉर्डरला हात घातला त्या दिवशी मेहुणी बॅटरी धरून उभी राहिली. झाकण बसवलं, प्लग लावला. हिरवा दिवा. यादीत कार्यक्रम जसाच्या तसा. बटण दाबलं, आणि दुसऱ्या रांगेतली, डावीकडून तिसरी मुलगी गायला लागली. रिंगमास्तर खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

बायको पुढे सरकली. "अगंबाई! ही बघा!" कडवं संपलं. ती वळली. "कधी येणार हो?"

"येईल संध्याकाळपर्यंत," रिंगमास्तर सवयीने म्हणाले.

तिने खुर्ची ओढली आणि दाराशी जाऊन बसली. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. मेहुणी स्वयंपाकघरात त्यांच्याजवळ आली.

"भाऊजी, रागावणार नसाल तर बोलते. गेले तीन आठवडे ताई झोपत होती."

"मग?"

"मग काय? तुम्हाला दिसलं नाही?"

"ती मागते म्हणून लावतो मी."

"तीन आठवड्यांत कितीदा मागितलं?"

पेला धुतलेला होता, तरी रिंगमास्तर तो पुन्हा विसळत राहिले.

तिसऱ्या संध्याकाळी बायको दारातून उठून आपणहून आत आली. तिचा चेहरा वेगळाच दिसत होता, पूर्वीसारखा. "खरं सांगा," ती म्हणाली, "ती गेली ना?"

रिंगमास्तरांना खोटं सुचलं नाही. "हो."

"कधी?"

"पाच वर्षं झाली."

तिने दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारायला सुरुवात केली. "आणि मला सांगितलं नाहीत! मला तिला शेवटचं बघायलाही नेलं नाहीत!" ती होती तिथे, सगळ्या वेळी होती, पण ते सांगून काय उपयोग? मेहुणी धावत आली. बायको रडून रडून जमिनीवरच निजली. सकाळी तिला यातलं काही आठवत नव्हतं. फक्त डोळे सुजले होते, आणि ते कशाने हे ती आरशात बघून विचारत राहिली.

चार वाजता ती आली. "लावा ना."

"मशीन बिघडलंय," रिंगमास्तर म्हणाले.

"मग दुरुस्त करा. तुम्हाला येतं की."

"हे नाही येत मला."

तिने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "राहू द्या," ती म्हणाली, "एवढं मनाला लावून घेऊ नका." असं सहा दिवस चाललं. सातव्या दिवशी तिने मागितलं नाही. पुढच्या काही महिन्यांत मुलगी तिच्या मनातून पुरती गेली, मग बहीण, शेवटी रिंगमास्तरही. चौदा महिन्यांनी न्यूमोनियाने ती गेली.

त्यानंतर एका दुपारी मेहुणी आवराआवर करायला आली. कपड्यांच्या घड्या घालून झाल्यावर म्हणाली, "मला एकदा दाखवता? पोरीला बघून फार दिवस झाले."

त्यांनी टीव्ही लावला. दोघांनी कडवं ऐकलं. संपल्यावर रिंगमास्तरांनी टीव्ही बंद केला.

"तिच्यासाठी करतोय असं वाटलं होतं मला," ते म्हणाले. "तिला नको होतं ते. मला हवं होतं."

"ठाऊक होतं मला," मेहुणी म्हणाली आणि चहा टाकायला उठली.