फडक्यात बांधलेले वाल
भिजलेल्या वालांचा वास आला की निजामपुऱ्यातली आमची खोली आठवते. सत्तरच्या पुढची सालं, मी कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे मागावर, होतो. मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिनं भिजलेले वाल फडक्यात ओतले आणि मी गाठ मारली. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर असताना छातीत कळ येऊन ती गेली. आमच्या गल्लीत दुःखातल्या माणसाला एकटं सोडत नसत, म्हणून तिला पोचवून आल्यावर शेजारच्या बायका माझ्याजवळ येऊन बसल्या. याच बायका रोज समोरच्या मुसलमान मावशीच्या, खालाच्या, ओट्यावर मिळून वाल सोलायच्या, हीसुद्धा त्यांच्यात असायची. एक म्हणाली, "भावजी, वहिनी तुमच्या घोरण्याची काय नक्कल करायची! मध्येच लूम बंद पडल्यागत थांबायची." रडता रडता सगळ्या हसल्या. माझ्या अंगाची आग झाली. माझ्यापुढं ती पदर तोंडाला लावून हसायची, आणि यांना ती अख्खी मिळाली होती. वाटलं, सगळ्यांना हाकलून द्यावं. म्हातारा झालो तरी ती जळजळ गेलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर वालांना मोड आलेले. गाठोडं उचलून मी ओट्यावर गेलो. "सुतकातलं हाय ते," काल नकलेचं सांगणारीच बाई बोलली. "हमारे में नहीं वो सुतक-बितक. इधर ला," म्हणत खालानं सरकून जागा केली. मी बसलो, गाठ सोडली आणि त्या बाईला म्हणालो, "सोलायला शिकव. आणि ती माझी नक्कल कशी करायची, ते करून दाखव."