कुसुमवहिनीची दोरी आणि आमची विहीर

आमच्या गावची विहीर आम्हीच आटवली.
पाऊस कमी झाला, हे कारण मला कोणी सांगू नका.

काल कुसुमवहिनीला जाऊन वर्ष झालं. माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको.
मी लग्न होऊन सदाशिव पेठेत आले, त्याच वर्षी ती आमच्या घरात आली.

मारुतीच्या देवळामागची ती एक विहीर, सगळं गाव तिचंच पाणी प्यायचं. आजूबाजूला मळ्यांचे बोअर. बोअर चालले की विहीर खाली जाते, हे लहान पोरालाही ठाऊक.

एका उन्हाळ्यात बायकांनी हंडे घेऊन फार पायपीट केली. मग त्यांनीच देवळात बसून नियम ठरवला.

दर शनिवारी मारुतीला तेल वाहिलं की वहिनी विहिरीत दोरी सोडायची. टोकाला दगड, हातभर अंतरावर गाठी. दोरी वर ओढून ओल्या गाठी मोजायची आणि सगळ्यांदेखत आकडा सांगायची.
दहाच्या खाली आल्या की बोअर बंद. पाणी फक्त माणसांना आणि जनावरांना.

मीही शनिवारी फोन करून आकडा विचारायची, कॅलेंडरवर लिहून ठेवायची.

एका वर्षी गाठी नऊ भरल्या, आणि दादाच्याच कांद्याला शेवटचं पाणी द्यायचं राहिलं होतं.
जेवताना दादा म्हणाला, "एक गाठ जास्त सांगितली असतीस तर काय बिघडलं असतं?"
"मग पुढच्या शनिवारी तुम्हीच जावा दोरी घेऊन. फक्त मोजताना सगळं गाव बघतंय, एवढं ध्यानात ठेवा."
दादाने बोअर बंद केला. आठ दिवस धड बोलला नाही.
मला पुण्याला पिशवीभर कांदे आले. वहिनी फोनवर म्हणाली, "वन्सं, कांदे बारीक हायत. पण विहिरीत पाणी हाय."

मागच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि वहिनी गेली.

तेराव्याला विषय निघाला, आता दोरी कोणाकडे? शेजारची नंदा तयार होती. वहिनीबरोबर नेहमी तीच असायची.

तेव्हा मी बोलले. शहरातून आलेली, दहावी शिकलेली म्हणून माझं ऐकतात.
"वहिनीच्या हातची दोरी आहे, पाण्यात कुजून जाईल. मारुतीजवळ ठेवा."
सगळ्यांचे डोळे भरून आले. दोरीला हळद-कुंकू लावलं, हार घातला, मारुतीशेजारच्या खुंटीला टांगली. मी फोटो काढून इथेच टाकला. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्याला हात जोडले होते.

देवाजवळची वस्तू मग कोण उतरवणार?
नंदा म्हणाली, आपण नवी दोरी आणू. तिला ऐकावं लागलं की तू काय वहिनींच्या जागी बसायला निघालीस का. पुन्हा ती बोलली नाही.

शनिवारी तेल वाहिलं जायचं, आकडा मात्र कोणी सांगेना. त्याचा बोअर चालू, मग माझाच का बंद, असं प्रत्येकाचं झालं. दादाचाही चालूच होता. त्यानेच मला सांगितलं.

काल वर्षश्राद्धासाठी स्वारगेटहून एसटीने गेले. स्वयंपाक टँकरच्या पाण्यावर केला.
नंदाच्या दाराला कुलूप. दोघं नवरा-बायको वाघोलीला खोली घेऊन राहतात, बांधकामावर जातात.

मी दादाला म्हटलं, माझं चुकलं. दोरी खाली काढ, आपण पुन्हा मोजू.
दादा विहिरीकडे बघतच बोलला. "काय मोजू, मंगल? तळाला चिखलबी न्हाई."
"पुढच्या पावसात भरली तर?"
"भरली तर पहिल्याच आठवड्यात उपसतील. मी पण."

मारुतीपुढे हात जोडून उभी राहिले. काय मागावं ते सुचलं नाही. तशीच परत आले.

वहिनी, तुला हार घातला आणि तुझं काम बंद पाडलं. ते मी केलं.
तुझ्या वन्संचा नमस्कार घे.