दप्तर उतरलं

पिंपरी कॅम्पात एका कापडाच्या दुकानापुढं नवराबायकोची जुंपली होती. बाई म्हणत होती, "मला वाटलं, पोरगं तुमच्यापाशी हाय." बाप्या म्हणत होता, "मला वाटलं, तू धरलंयस." दोघांच्याही हातांत पिशव्या होत्या, पोरगं कुणाच्याच हातात नव्हतं. इंदुताई तेव्हा नवी नवरी. सासूनं दंडाला धरून तिला बसकडं ओढत नेलं. ते पोरगं सापडलं की नाही, हे तिला जन्मात कळलं नाही. भीती मात्र तिच्याबरोबर तळवड्याला आली आणि घरच्या माणसासारखी राहिली. पोटचा निरंजन दहावीत गेला तरी रस्ता ओलांडताना ती त्याचं मनगट धरायची. पोरगा लाजून अर्धा व्हायचा.

हाच निरंजन पुढं चाकणच्या कंपनीत इंजिनियर झाला. कामाला जाता-येता शाळेच्या व्हॅन बघायचा. पोरं भाजीच्या पोत्यासारखी कोंबलेली, एखादं तर ड्रायव्हरच्या मांडीला खेटून बसलेलं. शेवटी नोकरी सोडून त्यानं शाळेच्या गाड्यांचीच कंपनी काढली. नाव ठेवलं 'सांभाळ'. दप्तराला कार्ड असायचं. चढताना ते यंत्राला लावलं की टिंग, उतरताना लावलं की टिंग, आणि लगेच आईबापाच्या फोनवर निरोप. गाडी कुठं पोचली तेही नकाशात दिसायचं. इतकं शिकून पोरगा शेवटी ड्रायव्हरच झाला म्हणून भावकी हसली. इंदुताई हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, की गाडीत बाईमाणूस कोण असणार. कोणीच नव्हतं, म्हणून तीच गेली. वयानं आजी, पण गाडीत सगळ्यांची मावशी.

पिंपळे सौदागरच्या सोसायटीच्या गेटवर आजीआजोबा ताटकळत उभे असायचे. त्यांना दप्तर आधी हवं, पोर मागून आलं तरी चालेल, अशी घाई. मग इंदुताई एकेक दप्तर यंत्राला लावायची आणि खिडकीतून बाहेर द्यायची. पोरांच्या पाठीवरचं ओझं तेवढंच वाचायचं. निरंजननं एकदा टोकलं, तर म्हणाली, "तुझं यंत्र दप्तर उचलतं का?"

मार्चातल्या एका दुपारी गेटवर दप्तरं देऊन झाली आणि एका बारक्याला उलटी झाली. त्याला कडेवर घेऊन ती गेटाच्या आत पोचवून आली. मागच्या गाड्या हॉर्न बडवत होत्या. ड्रायव्हर गणराजनं गाडी चालूच ठेवली होती. ती चढली, दार लागलं. तळवड्याला ती घरापाशी उतरली आणि गणराज गॅस भरायला पंपावर गेला.

पाय धुवायच्या आत फोन वाजला. सोपानराव होते, पहिलीतल्या दिव्याचे आजोबा. "मावशी, दप्तर माझ्यापाशी आहे. पोरगी कुठाय? मला वाटलं, घसरगुंडीवर गेली."

दिव्याची आई चाकणला शिफ्टवर होती. तिच्या फोनवर निरोप केव्हाच पोचला होता, दिव्या उतरली म्हणून.

"मला वाटलं, उतरली," इंदुताई म्हणाली, आणि आपलेच शब्द तिला ऐकू आले. दुकानापुढची ती बाई तिच्या तोंडून बोलली होती.

निरंजनच्या नकाशात गाडी पंपाच्या रांगेत उभी दिसत होती. गणराजचा फोन बंद. पंपावर फोन बंद ठेवायचा, हे निरंजननंच त्याला बजावून सांगितलेलं. मायलेक स्कूटरवर निघाले. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, वरून ऊन. इंदुताईच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. गणराज काचा लावून उतरतो. निरंजननं रागवावं, चार शब्द बोलावेत, असं तिला वाटत होतं. पण तो नुसता हॉर्न बडवत वाट काढत होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

गाडी उन्हात होती, गणराज पलीकडं सावलीत. काचा बंद.

"मला वाटलं, मावशीनं बघितलंय," म्हणत तो किल्ली घेऊन धावला.

सीटवर कुणी दिसलं नाही, आणि इंदुताईला खाली वाकून बघायचा धीर झाला नाही. तिनं नुसता हात मागच्या सीटखाली घातला. हाताला एक पाऊल लागलं, तापलेलं. ते हललं.

सीटखाली झोपी गेलेल्या दिव्याचे केस घामानं चिकटले होते, ओठ सुकले होते. दोन घोट पाणी पोटात गेल्यावर तिनं विचारलं, "मावशी, आमचं गेट आलं?"

दवाखान्यात पोरगी ठीक असल्याचं कळलं. सोपानराव बोलले ते इंदुताईनं खाली मान घालून ऐकलं, दिव्याची आई रडली तेही ऐकलं. निरंजननं सगळ्या आईबापांना स्वतः फोन करून झालं ते सांगितलं. काहींनी पोरं काढून घेतली. घरी आल्यावर ती म्हणाली, "मलाबी काढ."

"नवी बाई आणली तर तिलाही कधीतरी असंच वाटेल, आई," तो म्हणाला. "तुला आता कधीच वाटणार नाही."

त्यानं कार्डं पोरांच्या मनगटांवर बांधली आणि गाडीच्या पार मागं एक बटण बसवलं. गाडी बंद केली की ती बोंबलायला लागते, आणि मागं जाऊन ते दाबल्याशिवाय थांबत नाही. इंदुताई ते दाबायची, पण हात घालायची सवय सुटली नाही.

परवाच्या दिवाळीनंतर ती झोपेतच गेली. आदल्या दुपारीही गाडी तळवड्याला आली, आणि कुणी न सांगता गणराजनं काचा खाली केल्या. इंदुताईनं एकेका सीटवरून हात फिरवला, मग गुडघा टेकून मागच्या सीटखाली घातला. पाण्याची एक बाटली हाताला लागली. तिनं बटण दाबलं.

"मावशी, रिकामी?" गणराजनं पुढून विचारलं.

"बाटली राहिलीया कुणाची तरी. पोर न्हाई," ती म्हणाली, आणि जाता जाता पुन्हा एकदा वाकून बघून खाली उतरली.